रानभाताच्या जनुकांवर पैसा कशाला?

दादरकर: काल इथं एकाने ठोकून दिलंय की रानभाताच्या जनुकांवरचं संशोधन म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी, आपले जुने वाण पुरेसे आहेत. अहो, सत्तरच्या दशकात ग्रासी स्टंट व्हायरसने आशियाभर भात खुरटला, तेव्हा फिलिपिन्सच्या इर्रीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, या रोगाला दाद न देणारा भात शोधायला सहा हजारांवर नमुने तपासले. उपयोगी पडला ओरायझा निवारा, तोही आपल्या उत्तर प्रदेशातला रानभात. त्यातून १९७६ ला आयआर३६ हा रोगाला टिकणारा वाण आला.

मुलुंडचा_मावळा: तो मीच. बी आपलं, नाव फिलिपिन्सचं, यूपीच्या शेतकऱ्याला काय मिळालं? घंटा! आणि हे जीएमच, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं पीकच ना शेवटी? तसलंच बीटी वांगं २०१० ला उगाच नाही थांबवलं.

कृषीकन्या: दादा, जीएम कुठून आलं मध्येच? निवाराचा साधा संकर केलाय. फुलाचं टोक कात्रीने उडवायचं, चिमट्याने पुंकेसर काढायचे, परागकण टाकून कागदी पिशवी चढवायची. कॉलेजात मान मोडेस्तोवर केलंय मी.

गिरगावची_काकू: रानभात म्हणजे आमचं देवभातच ना? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत म्हणून आणतो. दादरला वाटीभर पुडीला काय वाट्टेल तो भाव सांगतात, आणि वर साधा लाल तांदूळ गळ्यात मारतात!

दादरकर: काकू, कुसळ बघून घ्या, लांबलचक असतं. स्वस्त कसा मिळणार, पिकला की दाणा पाण्यातच झडतो.

गिरगावची_काकू: कांडलेल्या तांदळाला कुसळ कुठून राहणार? तुम्ही कधी निवडलाय का? आमच्या सासूबाई वास घेऊन सांगायच्या. आणि आंबेमोहोराचं तर बोलूच नका, मागच्या महिन्यात पाच किलो घेतला, शिजवला तर वासाचा पत्ता नाही.

मुलुंडचा_मावळा: बघा! आहे त्या वाणाचा वास सांभाळता येत नाही आणि निघाले जनुकं शोधायला.

कृषीकन्या: वाण्याने भेसळ केली त्यात जनुकाचा काय दोष? ती ओळखायलासुद्धा डीएनए तपासणीच लागते. बासमतीची होते तशी.

मुलुंडचा_मावळा: बरं बाई, तुम्ही हुशार. रोग आला तर रानभात लागतो, मान्य. पण मग त्याची तळी बुजवून टॉवर उभे राहतात तेव्हा तुमचे शास्त्रज्ञ कुठे असतात? आमच्याकडचं डबकं गेलं, कुणी हूं की चूं केलं नाही.

दादरकर: टॉवरमध्ये फ्लॅट कुणी बुक केलाय ते पण सांगा की.

मुलुंडचा_मावळा: पर्सनल जाऊ नका, सांगून ठेवतो.

गिरगावची_काकू: ते राहू दे, खरा आंबेमोहोर कुठे मिळतो ते सांगा कुणीतरी.