अंतिम निवाडा आणि नरक शिकवणारा धर्म माणसे मनापासून का स्वीकारतात?

शोधयात्री

मृत्यूनंतर प्रत्येकाचा निवाडा होईल आणि दोषी ठरणाऱ्यांना यातना भोगाव्या लागतील, असे ख्रिस्ती आणि इस्लाम हे दोन्ही धर्म सांगतात. त्या यातनांना अंत नाही, असेच त्या परंपरांतील बहुसंख्य आचार्यांनी मानले आहे. भीती घालून माणसाला बांधून ठेवता येते, हे मला समजते. परंतु भीतीने बांधलेला माणूस सुटकेची वाट पाहत असतो, आणि मी पाहिलेले श्रद्धावंत तसे मुळीच दिसत नाहीत. या शिकवणुकीवर त्यांचे प्रेम असते, ती ते मुलांना देतात आणि संकटात तिचाच आधार घेतात. आपली जिवाभावाची माणसेही त्या शिक्षेस पात्र ठरू शकतात हे ठाऊक असताना हा धर्म त्यांना इतका जवळचा का वाटतो? लहानपणापासूनचे संस्कार हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण प्रौढ वयात विचारपूर्वक हे धर्म स्वीकारणारेही असंख्य आहेत.

इतिहासवाचक

ही कल्पना प्रथम कोणी आणि कोणत्या परिस्थितीत उराशी धरली, हे पाहिल्यास बराच उलगडा होतो. हिब्रू धर्मग्रंथांच्या जुन्या भागांत मृतांचे जग म्हणजे शिओल, आणि तेथे सज्जन व दुर्जन दोघेही सारखेच जातात. मेलेले पुन्हा उठतील, काहींना चिरंतन जीवन व काहींना चिरंतन अप्रतिष्ठा मिळेल, असे स्पष्ट शब्दांत येते ते दानीएलाच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात. हे पुस्तक आजच्या स्वरूपात इ.स.पू. दुसऱ्या शतकात, यहुद्यांवर राज्य करणारा ग्रीक वंशाचा राजा अँटिओकस चौथा याच्या छळाच्या काळात सिद्ध झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. १६७च्या सुमारास या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले. ज्यांनी नियम सोडले ते वाचले आणि जे नियमांना चिकटून राहिले ते मारले गेले. धर्माने वागणाऱ्याचे याच जन्मी भले होते, हा जुना दिलासा त्या क्षणी पार कोसळला, कारण धर्माने वागणे हेच मरणाचे कारण झाले होते.

याच छळाची हकीकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सात भाऊ आणि त्यांची आई यांच्या छळाची कथा आहे. मरताना ते भाऊ राजाला सांगतात की आम्ही पुन्हा उठू, परंतु तू देवाच्या न्यायातून सुटणार नाहीस. येथे परलोकातील शिक्षेचा इशारा मरणारा माणूस सिंहासनावरील माणसाला देतो आहे, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. कुराणाच्या ८१व्या अध्यायातही निवाड्याच्या दिवसाचे वर्णन करताना जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल, तुला कोणत्या अपराधासाठी मारले? जिच्यासाठी या जगात कोणी तोंड उघडले नाही, तिची साक्ष त्या दिवशी घेतली जाते. हे ऐकणाऱ्याला निवाडा धाक वाटण्याआधी आश्वासन वाटतो. पुढे राजांनी आणि धर्मपीठांनी हीच कल्पना प्रजेला दाबण्यासाठी वापरली हे खरेच आहे, पण तो तिचा नंतरचा इतिहास.

समाजाभ्यासक

याला सामाजिक बाजूही आहे. शरीफ आणि नोरेन्झायन या मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देव शिक्षा करणारा आहे असे मानणारे विद्यार्थी परीक्षेसारख्या कामात कमी फसवणूक करताना आढळले. देव मानणे वा न मानणे, एवढ्याने मात्र फरक पडला नाही. ज्या समाजात सर्वच जण अशा देवाला मानतात, तेथे अनोळखी माणसावरही विश्वास टाकणे सोपे जाते, आणि हा लाभ त्या समाजात राहणाऱ्याला रोज जाणवतो. कडक शिस्तीच्या धर्मसंस्था सैल संस्थांपेक्षा टिकाऊ का ठरतात, याचे अर्थशास्त्रज्ञ इयानाकोनी यांनी १९९४मध्ये दिलेले उत्तरही याच दिशेचे आहे: जेथे बरेच काही सोडून यावे लागते तेथे अर्ध्या मनाचे लोक उरत नाहीत, आणि उरलेल्यांना एकमेकांचा भक्कम आधार मिळतो.

याची किंमतही मोजावी लागते, आणि ती लपवू नये. नरकावरील विश्वास जेथे अधिक, तेथे लोक स्वतःला कमी सुखी समजतात, असा संबंध २०१४च्या एका अभ्यासात दिसला.

श्रद्धावान

मी ख्रिस्ती आहे, म्हणून आतून जे दिसते ते सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात निवाड्याचे चित्र आहे. तेथे विचारले जाते ते असे: भुकेल्याला खायला दिलेस का, परक्याला घरात घेतलेस का, तुरुंगातल्याला भेटलास का? हे वाचताना भीती वाटते, हे मी नाकारत नाही. त्याच वेळी असेही वाटते की माझ्या रोजच्या बारीकसारीक वागण्याला कोणीतरी इतके महत्त्व देत आहे. माझे चांगले आणि वाईट दोन्ही कोणाच्या खिजगणतीत नसते, तर मला जगणे अधिक हलके वाटले नसते, अधिक एकाकी वाटले असते.

दुसरे असे की, क्षमेला अर्थ येतो तो अपराध खरोखर अपराध ठरल्यावरच. जो धर्म मला सांगेल की तू काही चुकलाच नाहीस, त्याच्याकडून मला क्षमा कशी मिळणार? प्रौढ वयात धर्म स्वीकारणारे अनेक जण स्वतःच्या कृत्याचे ओझे घेऊन आलेले असतात. त्यांना निवाडा नव्याने शिकवावा लागत नाही, कारण तो त्यांच्या मनात आधीपासून चाललेला असतो. दया मात्र त्यांना प्रथमच भेटते.

शोधयात्री

तिन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. छळ झालेल्याला निवाडा हवा असतो, हे पटले. तरीही माझी अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील अपराधाला अंतहीन शिक्षा, तीही कित्येकदा केवळ अश्रद्धेसाठी, यात न्याय कोठे आहे? जिवंत पुरलेल्या त्या मुलीला तरी एवढे हवे असेल का?

इतिहासवाचक

नसावे, असेच मला वाटते, आणि म्हणूनच निवाडा आणि अनंत नरक या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. बौद्ध आणि जैन परंपरांत नरकयातनांची वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत, परंतु कर्म भोगून संपले की जीव तेथून सुटतो. उलट द्वैतवादी मध्वाचार्यांनी काही जीवांसाठी कधीही न संपणारा अंधार सांगितला, म्हणजे या प्रश्नाची विभागणी पूर्व आणि पश्चिम अशीही करता येत नाही. इस्लाममध्ये चौदाव्या शतकातील इब्न अल-कय्यिम यांनी नरकाग्नी कधीतरी शमेल, या मताच्या बाजूने सविस्तर युक्तिवाद मांडला. ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकातील ओरिजेन यांना अखेरीस सर्व जीव देवाकडे परततील अशी आशा होती, मात्र ५५३च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यांची गणना पाखंडींत केली.

श्रद्धावान

यात एक भर घालतो. निसाचे ग्रेगरी यांनीही चौथ्या शतकात जवळपास तीच आशा व्यक्त केली होती: देवाचा अग्नी जाळतो तो दोष, आणि दोष जळून गेल्यावर जाळण्यासारखे काही उरत नाही. त्यांना पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन्ही चर्च आजही संत मानतात. माझ्या प्रार्थनेत मी निवाडाही मागतो आणि ही आशाही धरून असतो, आणि असे करणारा मी एकटाच नाही.