कॉलेजातला ख्रिस्ती गट आणि दोस्तीतली चॅलेंजेस: तुमचे अनुभव लिहा

धागा सुरू करणारी (पुणे)

कॉलेजची वर्षं ज्यांनी एखाद्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात घालवली, त्यांना हे खास आमंत्रण. युईएसआय या संघटनेचा कॉलेजातला गट, म्हणजे ईयू असो, एससीएम (स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट) असो, कॅथलिक मुलामुलींची वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स), आयकफ किंवा जीझस यूथ असो. एससीएम 1912 पासून आहे, आयकफ 1924 पासून, युईएसआय 1954 पासून. म्हणजे इथे लिहिणाऱ्यांच्या घरात आजी-आजोबाही अशा गटांतून गेलेले असू शकतात. त्यांच्या आठवणीही विचारून लिहा.

विषय एकच. गटात कुणीतरी म्हणतं, "या महिन्यात आपण सगळे मिळून हे करून बघू या का?" आणि त्यातून माणूस थोडा वाढतो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हटलंय की प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन मिळेल असं एकमेकांकडे लक्ष द्या. ‘एकमेकांकडे’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकट्याने केलेला निश्चय जानेवारीतच विरतो, सोबत कुणी असेल तर तो टिकतो, हे मी विद्यार्थ्यांमध्ये काम करताना सतत पाहते.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या गटात बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचं चॅलेंज असायचं. अध्याय 31, महिन्याचे दिवसही साधारण तेवढेच, म्हणून ज्या तारखेला जो अध्याय येईल तो वाचायचा. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढायचं नाही, सरळ आजच्या तारखेवर यायचं. रात्री जोडीदारणीला एक ओळ पाठवायची, पण ‘छान वचन होतं’ असलं काही चालायचं नाही. आज कुठलं वचन टोचलं, ते लिहायचं. माझी जोडीदारीण एकदा पंधराव्या अध्यायातल्या पहिल्या वचनावर अडली, मृदू उत्तराने राग निवतो त्या. घरी धाकट्या भावाशी आपण कसं बोलतो, हे तिने मला त्या रात्री लांबलचक लिहिलं. त्यानंतर आमची मैत्री बदलली. आजही मोठा निर्णय असला की पहिला फोन तिलाच जातो.

कॉलेजची आणि माणसांची नावं कृपया टाळा. बाकी मोकळेपणाने लिहा.

शेवगावकर

आईवडील ऊसतोडीला जायचे, मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. नगरला डिग्रीला आलो तेव्हा चारचौघांत तोंड उघडायची सवय नव्हती. ईयूत एक गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे सगळा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती. पाळकसाहेब येऊन बोलणार आणि आपण ऐकणार, असं तिथे नव्हतं. बायबल अभ्यास पाळीपाळीने घ्यायचा. आमच्या सीनियरने चॅलेंज दिलं की सत्र संपायच्या आत प्रत्येकाने एकदा तरी अभ्यास घ्यायचाच, आणि घरी बोलतो त्या बोलीत घेतला तरी हरकत नाही.

माझ्या वाट्याला मार्काच्या शुभवर्तमानातला चार मित्रांचा उतारा आला, छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तो. आदल्या संध्याकाळी सीनियर मला होस्टेलच्या गच्चीवर घेऊन गेला. म्हणाला, तीनच प्रश्न धर. इथे काय घडलं? त्याचा अर्थ काय? मग आपण काय करायचं? मी बोलू लागलो की तो मध्ये अजिबात तोंड घालत नसे. अडलो तर फक्त म्हणायचा, "बरं, मग त्या चौघांनी काय केलं?" मला आमच्या गावाकडचं माळवदाचं घर आठवलं. माती उकरायची, खालचा पाचोळा काढायचा, मग कुठे लाकडं लागतात. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. छप्पर उकरायला किती वेळ लागला असेल, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती धूळ पडली असेल, घरमालक काय म्हणाला असेल. शहरातली पोरं कान देऊन ऐकत होती. आपल्या गावाकडचं काहीतरी इथे कामाचं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. आज मी शाळेत शिकवतो. अबोल पोरगं वर्गात दिसलं की त्याला फळ्यापाशी उभं करायच्या आधी एक दिवस व्हरांड्यात घेऊन बसतो.

धागा सुरू करणारी

शेवगावकर, ते आदल्या संध्याकाळचं बसणं सगळ्यांनी लक्षात घ्यावं. चॅलेंज देणारा सोबत बसला, म्हणून ते पेललं.

मिरजेची सिस्टर

मिरजेत नर्सिंगला होते. आमचा गट छोटा, सगळ्या होस्टेलच्या मुली, शिफ्टमुळे एकत्र भेटणंच मुश्कील. म्हणून आमचं चॅलेंज वॉर्डातच होतं. पेशंटला बेड नंबराने हाक मारायची नाही. सात नंबर, अकरा नंबर असं म्हणायची सवय फार पटकन लागते. प्रत्येकाचं नाव, गाव आणि सोबत कोण आलंय हे माहीत करून घ्यायचं आणि ड्युटी संपली की मनात त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. वॉर्डबॉय आणि झाडू मारणाऱ्या मावशीही त्यात आल्या.

एक म्हातारे गृहस्थ होते, जतकडचे, औषध घ्यायला तोंडच उघडायचे नाहीत. त्यांना नावाने हाक मारून, "मामा, तिकडं पाऊस झाला का?" म्हटलं आणि ते बोलायला लागले. शेळ्यांची काळजी लागली होती त्यांना. शेजाऱ्याला फोन लावून दिला, मग गोळी घेतली. शिकवणीत हे सगळं सांगतात, नाही असं नाही. पण मैत्रीण रात्री जेवताना, "आज तुझ्याकडे कोण कोण होतं?" असं विचारणार हे माहीत असलं की ते हातून होतं.

वसईची पोर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे वायसीएस. आमच्याकडे ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत. बेल्जियमचे फादर कार्डाइन यांनी तरुण कामगारांच्या चळवळीत ती रुजवली, तिथून ती विद्यार्थ्यांकडे आली. ऐकायला सोपी वाटते, पण आमचे अॅनिमेटर, म्हणजे गटाचे मार्गदर्शक, ‘पाहा’मधून लवकर सुटू देत नसत.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आम्ही गोड सोडायचो, मटण-मासे सोडायचो, ते दरवर्षीचंच. एका वर्षी गटाने ठरवलं की सोडायचं ते सोडाच, पण एक काहीतरी हातात घ्या. आम्ही घेतलं आळीतलं बावखल. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरी गोड राहतात, केळीला आणि भाजीच्या वाफ्यांना पुरतं. किती बुजवली गेली त्याची गणतीच नाही.

पहिले काही आठवडे नुसतं पाहायचं काम. प्रत्येकाने आपल्या आळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला गाठायचं आणि इथे बावखल कुठे होतं, त्याचं पाणी कोण वापरायचं, ते विचारायचं. माझी आजी लुगड्याचा पदर खोचून मला कंपाउंडच्या भिंतीपर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, इथून तिथपर्यंत होतं. तिथे आता पार्किंग आहे. मी तिथूनच रोज शाळेत गेले होते. मग पारखायला बसलो तेव्हा भांडणंही झाली, कारण बुजवणाऱ्यांत आमचेच काकामामा होते. शेवटी जे एक शिल्लक होतं त्यातली जलपर्णी आणि प्लॅस्टिक आम्ही काढलं. गुडघाभर चिखलात उभं राहून जलपर्णी ओढताना कळतं की तिची मुळं एकमेकांत किती गुंतलेली असतात, एक ओढली की सगळा पट्टाच सरकत येतो. मिस्सेनंतर फादरांनी अख्ख्या धर्मग्रामाला बघायला बोलावलं. ज्या काकांशी वाद झाला होता ते पंप घेऊन आले.

माझ्यापुरतं म्हणायचं तर त्या उपवासकाळाने मला वडीलधाऱ्यांशी मान राखून वाद घालायला शिकवलं. हे मला दुसरीकडे कुठे शिकता आलं नसतं.

एक वाचक (सोलापूर)

थोडं वेगळं लिहिते. आमच्या गटात भिंतीवर तक्ता लावला होता. शांत वेळ, म्हणजे रोजचं एकट्याने बायबल वाचन आणि प्रार्थना, केली की चांदणी, वचन पाठ केलं की चांदणी. एक मुलगी पहाटे उठून घरचं पाणी भरायची, लहान भावंडांचे डबे करायची आणि मग कॉलेजला यायची. तिच्या नावापुढे रकाने मोकळेच. तिला कुणी काही बोललं नाही, पण ती यायची बंद झाली. देवासमोर तिचा दिवस आमच्यापेक्षा भरलेला होता. तक्ता नको, एवढंच माझं म्हणणं.

शेवगावकर

ताई, पटलं. पण वचन पाठांतराच्या स्पर्धेतली मजा मी सोडणार नाही. संडे स्कूलात आम्ही बायबलमधलं स्तोत्र 119 वाटून घेतलं होतं. 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 भाग, एकेका पोराला एक भाग. सगळे भाग एकामागून एक म्हटले तेव्हा चर्चमधली सगळी मंडळी उभी राहिली होती.

धागा सुरू करणारी

शेवगावकर, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. तिथे एकाचा भाग राहिला तर सगळ्यांचं स्तोत्र अडतं, म्हणून सगळे त्याच्याकडून पाठ करून घेतात. तक्त्यावर मात्र एकाचा रकाना मोकळा राहिला तर दुसऱ्याचा नंबर वर जातो. मी आमच्या गटात तक्ता कधीच लावू देत नाही.

लातूरची, धर्माने हिंदू

मी लिहिलं तर चालेल ना? माझी रूममेट ख्रिस्ती. त्यांच्या गटाने उपवासकाळात संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं होतं. मी आपणहून सामील झाले. आमची आजी चातुर्मासात नेम धरायची, त्यामुळे मला ते ओळखीचंच वाटलं. त्या दोन तासांत आम्ही अभ्यास केला, स्वेटर विणायला शिकलो, खूप बोललो. तिने मला कधी ‘तू चर्चला चल’ म्हणून आग्रह केला नाही. मी विचारलं तेव्हा मात्र मनापासून सांगितलं. तिचा विश्वास मला तिच्या वागण्यातून कळला. आजी वारली तेव्हा तिचा अख्खा गट आमच्या घरी आला होता.

आखेन, जर्मनी

इथे एसएमडी नावाची विद्यार्थी चळवळ आहे, 1949 पासूनची. नाताळात होस्टेलं ओस पडतात आणि परदेशी मुलं एकटी राहतात. म्हणून गटातल्या जर्मन मुलांनी एकमेकांना चॅलेंज दिलं होतं की घरी जाताना एकाला सोबत न्यायचं. मला एका खेड्यात नेलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात करंज्या केल्या, सारणाला ओला नारळ नव्हता, सुकाच वापरला. पुढच्या वर्षी मीच एका इथिओपियन मुलाला घेऊन गेलो.

नांदेडहून

आमचा गट नवा आहे, चारच जण. दोघं कामही करतात. काय घेऊन सुरुवात करावी?

धागा सुरू करणारी

चार जण भरपूर झाले. मार्काचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्याय आहेत. आठवड्याला दोन घेतले तर दोन महिन्यांत होतं आणि काम करणाऱ्यांनाही जमतं. दोन-दोनच्या जोड्या करा, दर पंधरवड्याला जोड्या बदला. भेटायची वेळ कामावर जाणाऱ्या दोघांना विचारून ठरवा, बाकीचे दोघं जुळवून घेतील. आणि मार्काचा दुसरा अध्याय आला की शेवगावकरांना फोन लावा, माळवद कसं उकरतात ते तेच सांगतील.

शेवगावकर

लावा की. रविवारी दुपारनंतर मी मोकळाच असतो.