साठीनंतरचं मैदान : ज्येष्ठांच्या क्रीडास्पर्धांचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन आमच्या संघात बरीच वर्षं शाल, श्रीफळ, एक व्याख्यान आणि बटाटेवडे असा साजरा व्हायचा. चार वर्षांपूर्वी सभेत ७३ वर्षांचे एक काका उठले आणि म्हणाले, "सत्कार पुरे झाले. आम्हाला खेळायला कधी मिळणार?" त्या एका प्रश्नातून आमची स्पर्धा सुरू झाली. चालणं, गोळाफेक, रिंग टेनिस, कॅरम आणि बुद्धिबळ, असे पाच खेळ, दोन सकाळी.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. गंमत म्हणून संगीत खुर्ची ठेवली होती. गाणं थांबलं, दोघीजणी एकाच खुर्चीकडे वळल्या, प्लास्टिकची खुर्ची सरकली आणि ६८ वर्षांच्या एक ताई पडल्या. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यांनी आम्हाला एका शब्दानंही बोल लावला नाही, पण मी तो आवाज विसरलेले नाही. हाडांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की या वयात, त्यातून बायकांची, हाडं ठिसूळ झालेली असतात आणि माणूस पडताना हात टेकतोच, त्यामुळे मनगट जातं. तेव्हापासून धक्का लागेल, झटकन वळावं लागेल किंवा मागे चालावं लागेल असा एकही खेळ आम्ही ठेवत नाही.

ज्यांनी अशा स्पर्धा भरवल्या आहेत किंवा त्यात खेळले आहेत त्यांनी मोकळेपणानं लिहा. वयोगट कसे पाडता? तब्येतीची काळजी कशी घेता? कधीच न खेळलेल्यांना मैदानावर कसं आणता? आणि खेळाडूंनो, तुम्हाला काय हवं असतं?

– ठाणे, ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यकर्ती

*

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. शाळेत ३१ वर्षं खेळ शिकवला, आता ज्येष्ठांच्या स्पर्धांना पंच म्हणून जातो.

"६० वर्षांवरील" असा एकच गट करू नका. ६१ आणि ७९ यांच्यात जितका फरक आहे तितका शाळेतल्या सहावी आणि दहावीतही नसतो. जगभर मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये ३५ व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. तेच आपणही करावं. नावं कमी असतील तर शर्यत एकत्र लावा, पण निकाल गटवार काढा. गोळ्याचंही तसंच. साठीतल्या पुरुषांना ५ किलो, सत्तरीतल्यांना ४, ऐंशीच्या पुढे ३. महिलांना ७४ पर्यंत ३ किलो आणि ७५ पासून २. मी अशा ठिकाणी गेलो आहे जिथे शेजारच्या शाळेतून जो मिळाला तो गोळा आणून सगळ्यांच्या हातात दिला होता. खांदा दुखावला की तो माणूस पुन्हा येत नाही.

चालण्याच्या शर्यतीचा मूळ नियम दोन भागांचा आहे. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकल्यापासून सरळ उभा होईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. दुसरा भाग मी काढून टाकतो, संधिवाताच्या गुडघ्याला तो जमत नाही. पहिला मात्र कसोशीनं पाळतो. नाहीतर शेवटच्या पन्नास मीटरमध्ये सगळे पळतात.

एका वर्षी ८१ वर्षांचे आजोबा सर्वांत पुढे होते. शेवटचं वळण संपलं, फक्कीची रेघ दिसली आणि ते पळाले, चांगले वीस मीटर. मी त्यांना बाद केलं. संयोजक धावत आले, "सर, जाऊ द्या हो, या वयात किती उत्साह आहे बघा." मी ऐकलं नाही. तेवढ्यात आजोबाच जवळ आले, दम लागला होता, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "सरांनी बरोबर केलं. पळालो मी." पुढच्या वर्षी ते शेवटच्या वळणावर स्वतःशीच "एक पाय, एक पाय" असं पुटपुटत गेले. दुसरे आले. ते रुपेरी पदक त्यांनी दिवसभर गळ्यातून काढलं नाही.

माझं कळकळीचं सांगणं आहे, की नियम सैल करायचे ते शरीरासाठी करा. वयाची दया म्हणून करू नका. स्टॉपवॉच खरं हवं, मोजपट्टी खरी हवी.

– नाशिक, निवृत्त क्रीडाशिक्षक

*

मी निवृत्त परिचारिका. आमच्या गावच्या स्पर्धेत पाच वर्षं वैद्यकीय टेबल सांभाळते. सगळ्यांचं लक्ष धावण्या-चालण्याकडे असतं, म्हणून मला आलेला अनुभव मुद्दाम लिहिते.

दुपारी साडेअकरा, कॅरमचा सामना. ६६ वर्षांचे एक गृहस्थ, हात इतका साफ की समोरच्याला डाव मिळत नव्हता. एकाएकी त्यांचा स्ट्रायकर भलतीकडे जायला लागला. बघणारे म्हणाले, दडपण आलं. मी बघितलं तर कपाळावर घामाचे थेंब, पंखा सुरू असताना. "काका, नाश्ता केलात का?" तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. साखर तपासली, ५४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग पोळी-भाजी दिली. नंतर कळलं, मधुमेहाची गोळी सकाळी वेळेवर घेतली होती, पण लवकर निघायचं म्हणून पोटात फक्त चहा.

याच्या उलट प्रकार रक्तदाबाचा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून स्पर्धेच्या दिवशी बरेच जण गोळी घेतच नाहीत. विचारलं तर "घेतली" म्हणून सांगतात, विशेषतः बायका, कारण मैदानावर जायची सोय असेल की नाही याची खात्री नसते. म्हणून मी आता नावनोंदणीच्या कागदावर ठळक लिहून घेते : रोजची गोळी रोजच्या वेळी, नाश्ता करूनच या, स्वच्छतागृह मैदानालगत आहे. सकाळी रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे निघाला तर त्या दिवशी मैदानी खेळ नाही. भांडतात, रुसतात, मी ऐकत नाही. त्यांना बुद्धिबळाच्या टेबलावर नेऊन बसवते.

आणखी एक. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण मैदानाचं कोणतं फाटक उघडं आहे हे फोन करणाऱ्याला माहीत हवं. फाटकाची किल्ली कुणाकडे आहे हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. दोन स्वयंसेवकांना छातीवर दाब कसा द्यायचा ते शिकवून ठेवा.

– सांगली

*

परिचारिकाताई म्हणतात ते स्वच्छतागृहाचं शंभर टक्के खरं. आमच्या मैदानालगत होतं, पण भारतीय पद्धतीचं. गुडघे बदललेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. माझी आई सकाळपासून पाणी न पिता खेळली आणि दुपारी चक्कर येऊन खाली बसली. मंडप-खुर्च्यांवर खर्च करण्याआधी दोन कमोडच्या खुर्च्या आणि बाजूला धरायला कठडा, एवढं करा.

– डोंबिवली

*

आम्ही स्पर्धा भरवली ती १ ऑक्टोबरला, आणि गावातून नऊ माणसं आली. चूक आमचीच. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, पुढे कापसाची वेचणी. इथे साठीच्या बायका निवृत्त वगैरे होत नाहीत, मजुरीला जातात. दुसऱ्या वर्षी कापूस आटोपल्यावर तारीख धरली, बाजाराचा दिवस टाळला, आणि आदल्या आठवड्यात घरोघरी फिरलो.

पुरुष तयार झाले. बायका म्हणायच्या, "आमचं काय आता खेळाचं वय हाय का?" खरं म्हणजे त्यांचं खेळायचं वय कधी आलंच नव्हतं. लग्नाआधी लहान भावंडं, लग्नानंतर शेत. मी त्यांना बारामतीच्या लता करे यांची गोष्ट सांगितली. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचाराला पैसे नाहीत, नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि जिंकली. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "लुगड्यावर चालते काय?" तिथे मला समजलं की अडचण वयाची नव्हतीच. त्यांना वाटत होतं बूट पाहिजेत, पँट पाहिजे, लोक हसतील. आम्ही त्याच दिवशी पाटीवर लिहिलं : साडी, लुगडं चालेल. अनवाणी चालेल.

मग शाळेच्या मैदानावरचे सराटे वेचायचं काम आलं. सातवीच्या पोरांनी दोन संध्याकाळी ओळीनं बसून एकेक काटा वेचला. हे काम मी कधी विसरणार नाही.

शर्यतीच्या दिवशी त्या मावशींनी, वय सत्तरच्या आसपास, चपला काढून नातीच्या हातात दिल्या, कासोटा ओढून बघितला, पदर कमरेला खोचला आणि रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. शिटी वाजली तरी हलल्या नाहीत. बाकीच्या निघाल्या. नात ओरडली, "आजी, जाय ना!" आणि मग ज्या निघाल्या! तिसऱ्या आल्या. पाणी दिलं तर ते हातातच राहिलं, मला विचारतात, "अजून एक डाव हाय का?"

नव्हता. एकच शर्यत ठेवली होती आम्ही. आता प्रत्येकीला निदान तीन खेळ मिळतील असंच वेळापत्रक करतो, आणि त्यात लगोरी असतेच.

– वर्धा जिल्हा, ग्रामपंचायतीची माजी सदस्य

*

खेळाडू म्हणून लिहितो, वय ७४. माझी मागणी एकच. बाद पद्धत नको. कॅरमच्या पहिल्याच फेरीत हरलो आणि साडेनऊ वाजता रिकाम्या हातानं रिक्षा शोधत होतो. महिनाभर रोज सराव केला होता. गटवार साखळी सामने ठेवा, किंवा पहिल्या फेरीत हरलेल्यांची वेगळी स्पर्धा ठेवा. प्रवेशपत्रिकेवर "सहभाग महत्त्वाचा" असं छापता, मग सहभाग दिवसभराचा तरी असू द्या.

– कोल्हापूर

*

वरच्या काकांशी पूर्ण सहमत. आम्ही फोंड्याला कॅरम चार-चारच्या गटात घेतो. २५ गुण किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे आठ डावांचा, पूर्ण गेम लावला तर पाठ धरते, म्हणून चार बोर्डांचा सामना, मध्ये उठून फिरायला वेळ. बोर्ड नेहमीच्या स्टँडवर ठेवतो, पण एक स्टँड मुद्दाम उंच करून घेतला आहे, खाली चाकाची खुर्ची जाईल असा. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर, खाली ओढलेला. मोतीबिंदू झालेल्यांना बाजूच्या ट्यूबलाइटचा चकाका त्रास देतो, पावडर टाकलेला बोर्ड चमकतो आणि काळी सोंगटी भोकाशी दिसत नाही. हे मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. आधी मी समजत होते की ते मुद्दाम वेळ काढतात.

– फोंडा, गोवा

*

मी न्यू जर्सीत राहतो. इथे जवळपास प्रत्येक राज्याची ज्येष्ठांची स्पर्धा असते, वय ५० पासून. तिथे पात्र ठरलं की दर दोन वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत जाता येतं. ती १९८७ पासून चालू आहे, २०२३ ची पिट्सबर्गला झाली. मी टेबल टेनिस खेळतो, राज्याच्या पुढे गेलेलो नाही.

मला जी गोष्ट शिकण्यासारखी वाटली ती ही, की निकाल सगळ्यांचे लागतात. शेवटून दुसऱ्याचाही. माझा नंबर कितवा, मागच्या वेळी कितवा, हे मला बघता येतं. पासष्टीनंतर माणसाच्या हातात जे कागद येतात ते रक्ततपासणीचे, आणि त्यात आकडे बिघडतच जातात. माझ्या नावापुढे वर्षागणिक सुधारणारा एक तरी आकडा आहे. भारतात आल्यावर दोन स्पर्धा बघितल्या, दोन्हीकडे पहिल्या तिघांची नावं पुकारली आणि बाकीचे कागद गेले रद्दीत.

२०१७ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, जगभरातल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेत, आपल्या चंदीगडच्या मान कौर १०१ व्या वर्षी १०० मीटर धावल्या. वेळ १ मिनिट १४ सेकंद. आपण ती वेळ आज सांगू शकतो, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली.

– न्यू जर्सी

*

मी २६ वर्षांची, पुण्यात स्वयंसेवक होते. माझ्याकडे छातीवर नंबर लावायचं काम होतं. आयोजकांनी प्रत्येकाला पाकिटात नंबर आणि चार सेफ्टी पिना दिल्या होत्या. एका आजोबांनी दहा मिनिटं प्रयत्न केला, बोटं थरथरत होती, पिन शर्टात जाईना. कुणाला सांगवेना त्यांना. मी विचारलं तर म्हणाले, "नंबर नसला तर चालेल का?" मी लावून दिला, चारही कोपरे. आता आम्ही बनियनसारखे नंबरचे जॅकेट शिवून घेतले आहेत, बाजूला वेलक्रो. धुऊन दर वर्षी वापरतो. इतकंच सांगायचं होतं.

– पुणे

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आमच्या समितीला हे सगळं वाचून दाखवलं. मनगट मोडलेल्या ताई आता समितीतच आहेत, चालण्याच्या शर्यतीच्या दोन नंबरच्या वळणावर पंच म्हणून उभ्या राहतात. नाशिकच्या सरांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

ठरलं ते असं. कॅरम आणि बुद्धिबळ साखळी पद्धतीनं. नोंदणीच्या कागदावर गोळी-नाश्त्याच्या ओळी. वेलक्रोचे नंबर शिवायला दोघीजणी पुढे आल्या. निकाल शेवटच्या खेळाडूपर्यंत लिहायचे आणि वही संघाच्या कपाटात ठेवायची, त्यासाठी लांब पानांची रजिस्टरं आजच आणली. २ किलोचे गोळे आमच्याकडे नाहीत, ते शनिवारी बघायला जातो आहोत. ७५ च्या वरच्या सहाजणींनी नावं दिली आहेत आणि त्यांना सरावाला ते आधी हवे आहेत.

– ठाणे