शील्डबॅक कॅटीडिड ठाण्यात दिसेल का? ओळख, जागा आणि साहित्य याबद्दल सल्ला हवा

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहतो. लेक सातवीत आहे, तिला किड्यांचं भारी वेड. मध्यंतरी तिने शील्डबॅक कॅटीडिडचा (रातकिड्याच्या जवळचा, लांब मिशांचा किडा) व्हिडिओ पाहिला. मानेमागची ढाल पार पाठीवर आलेली, पंख जवळजवळ नाहीतच. गेल्या रविवारी ओवळ्याच्या फुलपाखरांच्या बागेत गेलो होतो, तिथे घाणेरीच्या पानावर एक हिरवा, बिनपंखी, अंगापेक्षा लांब मिशांचा किडा दिसला. ती म्हणते हाच तो. फोटो जोडलाय, थोडा हललाय. हा शील्डबॅकच का? नसेल तर आपल्याकडे कुठे बघायला मिळेल? आणि बघायला काय घ्यावं? बजेट २,००० रुपये, त्याच्या वर जमणार नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मॅक्रोवेडा
बजेटचं मनावर घेऊ नका, पुढे पस्तावाल. मी आधी तीन स्वस्त लेन्स घेतल्या, तिन्ही कपाटात पडून आहेत. शेवटी अगदी जवळून फोटो काढायची १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेतली, सेकंडहँड, ३८ हजारांना. आता नाकतोड्याचा कान टिपता येतो. पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली असतो तो, बारीक चीर पडल्यासारखा. तुमच्या फोटोत पायच धूसर आहेत, ओळख कशी पटणार?

मानपाडा_मान्सून
लेन्स राहू द्या, आधी टॉर्च. मी ऑनलाइन 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेली टॉर्च पहिल्याच सरीत बंद पडली. मोबाईलच्या उजेडात अर्धा तास चिखलातून परत आलो, आणि पायाजवळून फुरसं गेलं. तेव्हापासून डोक्याला बांधायची टॉर्च आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट, त्याशिवाय पाऊल टाकत नाही. लहान मुलगी बरोबर आहे म्हणून कळकळीने सांगतोय. गवतात हात घालू देऊ नका.

पारसिकचा_पाऊस
मॅक्रोवेडा, तुम्ही नाकतोडा म्हणताय ते चूक आहे. नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात. कॅटीडिड रातकिड्याच्या जवळचा.

मॅक्रोवेडा
आमच्या गावी उडी मारणाऱ्या सगळ्यांनाच नाकतोडा म्हणतात. सावंतवाडीकडे विचारा कुणालाही.

पारसिकचा_पाऊस
गावी म्हणत असतील, पण मुलीला शिकवायचं तर नीट शिकवावं. नाकतोडा मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतो, कॅटीडिड पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो. नाकतोड्याचे कान पोटाच्या बाजूला, याचे पायावर. तुम्हीच कानाचा फोटो काढलाय, तुम्हाला माहीत हवं.

कोलशेत_कट्टा
रात्री येऊरला जा, हवे तेवढे किडे दिसतील. टॉर्च चांगली घ्या, वॉटरप्रूफ.

रानभैरी
कोलशेत_कट्टा, कृपा करून असा सल्ला देऊ नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, रात्री परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि तिथे बिबट्या आहे. उद्यानातून किडा डबीत भरून आणणंही बेकायदा.

कासारवडवलीकर, लेकीला थोडं वाईट वाटेल, पण हा शील्डबॅक नाही, दुसऱ्या कॅटीडिडचं पिल्लू आहे. फोटो मोठा करा. ढालीच्या मागे पाकळीसारखे छोटे तुकडे दिसतात ना, ते वाढीला लागलेले पंख. शेवटच्या एक-दोन कातींच्या आधी हे तुकडे उलटे बसतात, मागच्या पंखाचा तुकडा पुढच्याच्या वर. पूर्ण वाढलेल्या आखूड पंखांच्या किड्यात पुढचा पंख वर असतो. हे एकदा डोळ्यात बसलं की पिल्लाला बिनपंखी मोठा किडा समजण्याची चूक होत नाही. मी स्वतः दोन वर्षं करत होतो.

शील्डबॅक बहुतेक अमेरिकेच्या पश्चिम भागातले. ढाल पाठीवर मागे गेलेली असते, आणि नराचे आखूड पंख तिच्याखाली असतात, उडायला निरुपयोगी, गाण्यापुरते. त्यांच्यातला मॉर्मन क्रिकेट मोठ्या झुंडीने चालत जातो. प्रथिनं आणि मीठ मिळेना की पुढे सरकतो, जो थांबतो त्याला मागचे खातात. युरोपातल्या त्यांच्या एका भाऊबंदाला, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्ये 'चामखीळ खाणारा' अशा अर्थाचं नाव दिलं, कारण स्वीडनमधले लोक चामखीळ त्याच्याकडून चाववून घेत. लेकीला हे सांगा, तिला आवडेल.

आपल्याकडचे कॅटीडिडही कमी नाहीत. सॅथ्रोफिलिया झाडाच्या सालीला पोट चिकटवून, पुढचे पाय आणि मिशा समोर ताणून बसतो. दिवसा हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. मेकोपोडा मोठा, वाळक्या पानासारखा, आवाज दणदणीत. गवतात कोनोसेफॅलस, निमुळत्या डोक्याचा. मादीच्या मागे तलवारीसारखं असतं तो डंख नाही, अंडी घालायचा अवयव आहे. फोटो बाजूने, वरून आणि तोंडाचा असे तीन काढा, साधा मोबाईल चालतो. ढालीचा आकार वरूनच कळतो.

उपवनचे_आजोबा
रानभैरींचं सगळं पटलं. एक भर घालतो. वय ७१. उपवनच्या तळ्याकाठी नातू म्हणतो, "आजोबा, केवढा आवाज येतोय," आणि मला काहीच ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी जातात. कॅटीडिड पुष्कळदा त्याच पट्टीत गातात, काहींचं गाणं तर तरुणांनाही ऐकू येत नाही. म्हणून शोधायचं काम नातवाकडे. तो दिशेला बोट दाखवतो, मी टॉर्च धरतो. जवळ गेलं की किडा गप्प होतो. मग आम्ही टॉर्च विझवून दोन मिनिटं उभे राहतो, तो परत सुरू होतो. लेकीला पुढे राहू द्या.

मॅक्रोवेडा
यावर उपाय आहे. बॅट डिटेक्टर घ्या, वटवाघळांचे आवाज ऐकायचं यंत्र. न ऐकू येणारा आवाजही पकडतो. माझ्याकडे आहे.

मानपाडा_मान्सून
२,००० मध्ये? टॉर्च आणि गमबूट, बास.

खारघर_टेकडी
टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावा, पांढऱ्या उजेडात किडे दचकतात. आणि कर्नाळ्याला जा, सकाळी लवकर. येऊर नको, बिबट्या आहे.

कासारवडवलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

लेन्स घेतली नाही, कर्नाळ्यालाही गेलो नाही, येऊरलाही नाही. आमच्या इमारतीच्या मागे पंपाच्या खोलीजवळ कंपाउंडच्या भिंतीला घाणेरी आणि गवत माजलंय, सोसायटी ते दर दिवाळीला कापते. तिथेच रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं उभं राहायचं ठरवलं. ३५० रुपयांची टॉर्च, लाल कागद, एक प्लास्टिकची पट्टी आणि वही. गमबूट मात्र दोघांना घेतले, मानपाडा_मान्सून यांचं ऐकून.

पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या रात्री लेक म्हणाली, "बाबा, इथे." मला ऐकू आलं नव्हतं, आणि मी ४३ चाच आहे. गवताच्या पात्यावर कोनोसेफॅलस, डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत अडीच सेंटिमीटर. मिशा पट्टीवर मावल्या नाहीत.

परवा तिथल्याच पानाखाली ओवळ्याच्या फोटोतल्यासारखं पिल्लू उलटं लोंबकळत होतं. पाठीवरची कात फाटली आणि आतून फिकट हिरवा, ओला किडा डोकं खाली करून सरकत बाहेर आला. पाय सोडवायलाच बराच वेळ लागला. पंख चुरगळलेले होते, ते हळूहळू लांब झाले. मग तो वळला आणि स्वतःची कात खाऊ लागला. साडेअकरा वाजले, शाळेचा दिवस होता, पण तिला "वर चल" म्हणायचं माझ्या तोंडून निघालं नाही. वहीत तिने लिहिलंय: मागचे पंख आता खाली गेले, पुढचे वर आले.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलंय, या वर्षी ती भिंत तेवढी कापू नका म्हणून. रानभैरी, तिने पंखांचं चित्र काढलंय, ते इथे कसं जोडायचं ते सांगाल का?