गॅदरिंगमधला 'आदिवासी डान्स': तुमच्या आठवणी सांगा

मोहफूल:
काल लेकीच्या शाळेतून मेसेज आला, गॅदरिंगला 'आदिवासी डान्स' आहे, काळा रंग, पानांचा घागरा अन् कोंबडीची पिसं पाठवा. वाचलं अन् मी परत सातवीत जाऊन बसले. आमच्याही शाळेत, चंद्रपूर जिल्ह्यातच, हेच. तोंडाला काजळ फासून भाला घेऊन झिंगालाला करत उड्या मारायच्या. मी गोंडाची म्हणून सरांनी मलाच पुढं उभं केलं, म्हणे तुला तर येतच असेल. मला रेला येत होता जी, आजीनं शिकवलेला, हातात हात गुंफून, गाणं म्हणत, सगळ्यांचे पाय एकदम पडले पाहिजेत. आजी नवं लुगडं नेसून पाहायला आली होती. घरी येईस्तोवर एक शब्द बोलली नाही.
तुमच्याकडं झालंय का असं?

सिपना_काठ:
मी मेळघाटातला, कोरकू. अमरावतीले कॉलेजात पह्यल्याच दिवशी एकानं इचारलं, तुमच्याकडं जेवाले भेटते का? पेपरात आमचं नाव कुपोषणापुरतंच येते ना, मंग लोकायले तेच माहीत. दुसरा म्हणे गोंडी बोलून दाखव. अरे बाप्पा, कोरकू भाषा मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली, गोंडी द्राविडी, तेलुगूच्या जवळची. पण आदिवासी म्हटलं की सारे एकच.

तेंदूपत्ता:
सेम. गडचिरोली सांगितलं की पुण्यात रूम देताना चेहरा बदलते. नक्षलशिवाय आमची बातमीच नाही. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, ग्रामसभा स्वतः बांबू विकते, ते कोणी विचारत नाही.

पांढरं_सोनं:
मी यवतमाळकडची शिक्षिका. खरं सांगते, मीही बसवलाय हा डान्स. कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, एक मुलगा होता त्यात, कार्यक्रम झाल्यावर हापशीवर किती वेळ तोंड घासत होता. मला वाटलं रंग निघत नसेल. आज तुमचं वाचून समजलं ताई. माफ करा.

मोहफूल:
मॅडम, तुम्ही लिहिलंत हेच खूप आहे.

जटपुरा_गेट:
चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, परकोटातून रोज शाळेत जायचो, वेशीवर हत्तीवर स्वार सिंह कोरलेला, गोंड राजांची खूण. कोणत्याच सरांनी सांगितलं नाही. 1857 म्हणजे मेरठ, कानपूर, झाशी एवढंच पाठ केलं, अन् इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आमच्या गोंड बाबूराव शेडमाकेंना 21 ऑक्टोबर 1858 ला इथंच, चांद्याच्या जेलात फाशी दिली. माझ्या घरापासून चालत जाता येते तिथं! नागपूर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलं हे तर मला नोकरी लागल्यावर कळलं, नागपूरकरांनाही विचारून पहा, भोसलेच सांगतील. राजे असलेली माणसं पुस्तकात नुसती पानं गुंडाळून कशी काय येतात?

बांधावरून:
विषय सोडून विचारतो, मोहफूल नाव वाचून आठवलं, वाळलेले मोह आहेत का कोणाकडं? आई लाडू मागते.

तेंदूपत्ता:
आहेत, दोन पायल्या. कोणत्या गावचे तुम्ही?

सिपना_काठ:
ताई, मंग लेकीचं काय केलं?

मोहफूल:
मॅडमला मेसेज टाकला, रंग नको, पिसं नको, मी शनिवारी येऊन पोरींना रेला शिकवते, गाण्याचा अर्थही सांगते. निळी खूण आली, उत्तर नाही अजून. लेक मात्र आत्तापासून अंगणात शेजारच्या पोरींचे हात धरून फिरते आहे, पाय चुकतात तिचे, आजी असती तर ओरडली असती.

बांधावरून:
आर्वीजवळचा. लाडवात तीळ टाकता का तुम्ही?