झिरो-ड्रॉप ट्रेल शूज घ्यावेत का? (गोगाबाबा, सातारा डोंगर आणि जानेवारीतली २५ किमी)

पहाटफेरी
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला राहतो, वय ३९, वजन ७६. काही वर्षांपासून नियमित पळायलोय. आधी फक्त रस्त्यावर, विद्यापीठ परिसरात. आता सुट्टीच्या दिवशी गोगाबाबा टेकडी, नाहीतर शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबामागचा डोंगर. जानेवारीत सह्याद्रीत २५ किमीची ट्रेल रेस करायचं मनात आहे.

सध्याचे बूट साधे रोड रनिंगचे, १० मिमी ड्रॉपचे, म्हणजे टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच. अडचणी दोन. उतारावर बोटं पुढं जाऊन आदळतात, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत. आणि खाली आलं की गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, मग दोन दिवस जिना उतरताना जाणवत राहतं. ग्रुपमधले दोघं-तिघं म्हणतात, झिरो-ड्रॉप घे, गुडघ्याचा ताप जाईल. मला इथं कुठल्या दुकानात घालून बघायला मिळाले नाहीत, आणि ऑनलाइन मागवायचे म्हणजे मोठा खर्च. ज्यांनी वापरलेत त्यांनी सांगा: आपल्या मुरमाला, काट्याकुट्याला टिकतात का? सवय व्हायला किती वेळ द्यावा? मॉडेल कोणतं?

मुरूमवाट
मी वापरतो, आणि मनापासून आवडतात. पण घेण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. टाचेखालच्या जाडीतून चवड्याखालची जाडी वजा केली की उरतो तो ड्रॉप. बूट मुळात जाड की पातळ हा दुसरा हिशोब, त्याला स्टॅक म्हणतात. अल्ट्रा कंपनीचा ऑलिंपस टाचेलाही ३३ मिमी आणि चवड्यालाही ३३. ड्रॉप शून्य, पण गादी भरपूर. मेरेल कंपनीचा ट्रेल ग्लोव्हही शून्यच, पण जाडी ऑलिंपसच्या निम्म्याहून कमी, खडा न् खडा तळपायाला कळतो. आपल्याकडं डोंगरावर फुटलेला बेसाल्ट आहे. खडा गोल नसतो, धारेचा असतो, आणि मुरमात उभा रुतलेला असतो. त्यामुळं अगदी पातळ तळ इथं नको, हे माझं ठाम मत.

माझ्याकडं अल्ट्राचेच लोन पीक आहेत. जाडी २५ मिमी, दगड टोचू नये म्हणून मधे संरक्षक थर, टाचेवर गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण) अडकवायला वेल्क्रोची सोय. २०११ पासून हे मॉडेल येतंय. ऑलिंपसच्या तळाला व्हिब्रमचं मेगाग्रिप रबर आहे, ते ओल्या कातळावर चांगलं धरतं. सह्याद्रीत त्याचा उपयोग होईल, गोगाबाबाला तेवढी गरज नाही. नुसतं कंपनीचं नाव बघून मात्र मागवू नका. २०२४ पासून अल्ट्रानंच एक्सपीरियन्स नावानं ४ मिमी ड्रॉपचे बूटही काढलेत. टोपो कंपनीचे बरेचसे ट्रेल बूट ५ मिमीचे असतात. त्या त्या मॉडेलचा ड्रॉप वाचूनच ऑर्डर टाका.

आता काटे. बाभळीचा काटा कसल्याही फोममधून आरपार येतो, त्याला झिरो-ड्रॉप काय आणि दहा मिमी काय. ताप असा की काटा तळातच मोडतो. बूट हातात घेतला तर काही दिसत नाही, पाय टेकवला की टोचतो. इनसोल काढायचा, आतून अंगठ्यानं दाबत दाबत जायचं. टोक लागलं की बाहेरून त्या जागी पेनानं खूण करायची आणि बारीक पक्कडीनं बाहेर ओढायचं. आतून ढकलायला गेलात तर अर्धा तुकडा फोममधेच राहतो आणि आठवड्यानं पुन्हा वर येतो. कुसळांसाठी गेटर घ्याच. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळीदार कापडात कुसळं अशी घुसतात की बूट धुऊनही निघत नाहीत.

हातलाई
धाराशिवहून. आमच्याकडं कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे हजारो लोक, त्यातले कितीतरी अनवाणी. माझी आई साठीच्या पुढं आहे. सगळा जन्म शेतात गेला, पायात सपाट चप्पल नाहीतर काहीच नाही. तिची बोटं बघा, पंज्यापाशी मोकळी पसरलेली, एकही बोट दुसऱ्यावर चढलेलं नाही. टाच उंच करायची सवय आपल्याला शहरानं लावली. १९६० ला रोमच्या ऑलिंपिकमधे इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं अनवाणी मॅरेथॉन जिंकली. माझं म्हणणं, आपल्या मातीतल्या माणसाला झिरो-ड्रॉप शिकावा लागत नाही. बिनधास्त घ्या.

टाच_ते_गुडघा
मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः पळतेसुद्धा. हातलाई दादा, तुमच्या आईंचं उदाहरण अगदी खरं आहे. पण त्यांचा पाय साठ वर्षांत तसा घडलाय. पहाटफेरी दादांचे पाय इतकी वर्षं उंच टाचेच्या बुटात आहेत, ते पार्सल उघडल्या दिवशी बदलणार नाहीत. शिवाय तुळजापूरला आपण चालत जातो. पळताना टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलिसवर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. चालण्याचा आणि पळण्याचा हिशोब एक धरता येत नाही.

दादा, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते. टाच खाली आली की गुडघ्यावरचा भार थोडा हलका होतो, हे खरं. पण तो भार नाहीसा होत नाही, पोटरी आणि अकिलिसकडं जातो. म्हणून पहिला प्रश्न बुटाचा नाही, तुमच्या पोटरीचा आहे. ती तो भार घ्यायला तयार आहे का?

२०१६ साली लक्झेंबर्गमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ५५३ हौशी धावपटूंना १०, ६ आणि ० मिमी ड्रॉपचे बूट देऊन सहा महिने नोंद ठेवली. एकूण दुखापतींमधे फरक दिसला नाही. पण आत शिरून बघितलं तर अधूनमधून पळणाऱ्यांना कमी ड्रॉपमधे दुखापती कमी झाल्या, आणि नियमित पळणाऱ्यांना जास्त. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. ते बूट रस्त्यावरचे होते, तेव्हा डोंगराला जसंच्या तसं लावू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्याआधी २०१३ मधे अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं, नेहमीच्या बुटातून दहा आठवड्यांत पातळ पाच-बोटी बुटांवर गेलेल्यांच्या पायांचे एमआरआय काढले. जुन्याच बुटात राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या पायाच्या हाडांत सूज जास्त जणांना दिसली. त्यांना हळूहळू वाढवा असंच सांगितलेलं होतं. माझ्याकडं येणाऱ्यांमधेही हेच बघते: बूट वाईट नसतो, घाई नडते.

घरी तीन गोष्टी करून बघा.
उकिडवं बसा. टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का, की उचलतात? खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांच्या बहुतेक उचलतात.
भिंतीपासून १० सेंटिमीटरवर अंगठा ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का ते बघा. दोन्ही पायांनी.
एका पायावर उभं राहून, गुडघा ताठ ठेवून टाच वर-खाली करा. भिंतीला नुसता हात. २५ पर्यंत नीट जमायला हवं.

हे जमत असेल तर पुढचं बोलू.

बालाघाटची_वाट
अंबाजोगाईहून लिहिते. सगळे गुडघ्यावर बोलायलेत, नखांचं राहूनच गेलं. दादा, तुमची नखं ड्रॉपमुळं काळी पडलेली नाहीत. बूट पुढून निमुळता आहे, नाहीतर लांबीला कमी आहे, नाहीतर लेस सैल राहते आणि उतारावर पाय पुढं घसरतो. अल्ट्रावाल्यांचा पाय मोकळा राहतो तो पुढचा पंजा रुंद असल्यामुळं. झिरो-ड्रॉप आणि रुंद पंजा एकाच बुटात मिळतात, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. तुम्हाला हवा आहे तो रुंद पंजा. तो ४-५ मिमी ड्रॉपमधेही मिळतो.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पळायचे मोजे घाला, कागदावर उभं राहून दोन्ही पाय आखा, मोठा असेल त्या पायाचं माप धरा. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. आणि सगळ्यात वरचं, बाजूला असलेलं जादा भोक रिकामं सोडू नका. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घातली की छोटा फास तयार होतो. दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओवून ओढा. टाच जागेवर धरून राहते. आहेत त्याच बुटात हे आजच करून उतरून बघा, पैसे लागत नाहीत.

परभणी_१६००
मधेच विचारतो, माफ करा. भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय, कृषी विद्यापीठाच्या बाजूला रोज पहाटे पळतो. १६०० मीटरला वेळ कमी करायला झिरो-ड्रॉप उपयोगी पडतील का?

टाच_ते_गुडघा
नाही. मैदानी चाचणी तोंडावर असताना बूट बदलायला लावू नका. पोटरी धरली तर १६०० बरोबर १०० मीटरही हातचं जाईल. आहे त्याच हलक्या बुटात, आणि मैदान ज्या प्रकारचं असेल तशाच जमिनीवर सराव करू द्या.

पहाटफेरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तिन्ही करून बघितलं. उकिडवं बसलो की टाचा उचलतात. भिंतीला डावा गुडघा लागतो, उजवा नाही. एका पायावर टाच उचलताना उजवीकडं विसाच्या बऱ्याच आधी पोटरी थरथरायला लागली. आणि अंबाजोगाईच्या ताई, तुम्ही सांगितलेली लेस बांधून काल सातारा डोंगर उतरलो. बोटं आदळणं निम्म्यावर आलं. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

आता प्रश्न असा: ऑगस्ट चालू आहे, रेस जानेवारीत. पाच महिने पुरतील का?

मुरूमवाट
माझ्या मते पुरतील, आज सुरुवात केलीत तर. आधी नुसते चालायला वापरायचे, भाजी आणायला, ऑफिसला. मग आठवड्यातून दोनदा, नेहमीचं पळणं संपल्यावर शेवटचा एखादा किलोमीटर, तोही सपाटीला. तिथून हळूहळू वाढवत न्यायचं. जुने बूट टाकायचे नाहीत, आलटूनपालटून वापरायचे. मी तसंच केलं. आता चढावर पाय जसा जमीन धरतो, तसा दुसऱ्या बुटात मला नाही जमत.

टाच_ते_गुडघा
मुरूमवाट, तुमची पद्धत बरोबर आहे. पण यांचा उजवा घोटा आखडलेला आहे आणि रेस मोठ्या उतारांची आहे. मी यांच्या जागी असते तर जानेवारीची रेस ४-५ मिमीच्या, रुंद पंज्याच्या बुटात केली असती, आणि झिरो-ड्रॉप फक्त चालायला आणि छोट्या सपाट पळण्याला ठेवला असता. रेसनंतर, घाई नसताना, पुढं न्यायचं.

दादा, बूट कोणताही घ्या, पोटरीचा व्यायाम आजपासून. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, एका पायानं सावकाश खाली. पंधरा-पंधराचे तीन संच गुडघा ताठ ठेवून, तेवढेच गुडघा किंचित वाकवून. स्वीडनच्या अल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १९९८ मधे अकिलिसच्या दुखण्यासाठी हाच व्यायाम सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे दिला होता. तुम्हाला दुखणं नाही, एक वेळ पुरे. शीर टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथं दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, जमिनीवरच करा.

पोटरी भरून येणं चालेल, दोन दिवसांत उतरतं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखली, तर तीन-चार दिवस जुन्या बुटात या. पायाच्या वरच्या बाजूला हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखलं, तर पळणं बंद आणि डॉक्टर. त्यात "बघू एक-दोन दिवस" करू नका. आणि कुणाला मधुमेह असेल, तळपायाची जाणीव कमी झाली असेल, तर पातळ तळाच्या बुटाचा विचारही नको. काटा घुसला तरी कळत नाही.

मुद्दाम चवड्यावर पळायला जाऊ नका. पावलं छोटी आणि जरा भरभर टाका, पाय अंगाखाली पडू द्या. उतारावर टाच आधी टेकली तर टेकू द्या.

काळी_रान
हिंगोलीहून एक जोड. पावसाळ्यात नवे बूट घेऊन काळ्या मातीच्या पांदीत शिरू नका. चार पावलांत पायाला वीट बांधल्यागत होतं, आणि त्या वजनानं पोटरी आणखी ओढली जाते. सवय लावायच्या काळात तर अजिबात नको. निचऱ्याची मुरमाड वाट धरा. चिखल लागलाच तर सावलीत वाळवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, मग दोन बूट एकमेकांवर आपटून झाडायचे. उन्हात ठेवू नका. एप्रिल-मे मधे गाडीच्या डिकीत तर नकोच, तळाचा डिंक सुटतो.

हातलाई
ताईंचं पटलं. चालणं वेगळं, पळणं वेगळं. तरी एक सांगतो: घरात तरी अनवाणी राहा, संध्याकाळी गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारा. तेवढं तर आजच सुरू करता येईल.

टाच_ते_गुडघा
हे एकदम मान्य.

पहाटफेरी
ठरलं. रेसला ५ मिमीचा रुंद पंज्याचा बूट, पायरीवरचा व्यायाम आज रात्रीपासून, गच्चीवर अनवाणी. झिरो-ड्रॉप फेब्रुवारीत. मुरूमवाट, लोन पीकचं माप नेहमीच्या मापाचंच घ्यायचं का?

मुरूमवाट
मी अर्धा नंबर मोठा घेतला. पण तुमचा पाय वेगळा, नंबरावर जाऊ नका. मी दर रविवारी साडेपाचला गोगाबाबाच्या पायथ्याशी असतो. माझा नऊ नंबर आहे. मोजे घेऊन या, माझे घालून वर-खाली एक फेरी मारा आणि मगच फेब्रुवारीतल्या ऑर्डरचं ठरवा.