अकाउंट्सच्या नोकरीसाठी फोनवर मुलाखत, तयारी कशी करावी?

खतावणी: बी.कॉम., टॅली आणि जीएसटीचा दोन वर्षांचा अनुभव. गुरुवारी ११ वाजता पुण्याच्या कंपनीचा टेलिफोनिक राउंड आहे. घरात रेंज जेमतेम दोन कांड्या. समोर कागद ठेवला तर चालतो का? पगाराचं काय सांगू?

तारयंत्र: आधी फोनचं बघा. त्याच खोलीतून, त्याच वेळी कुणाला तरी दहा मिनिटांचा कॉल लावून आवाज तुटतो का ते आदल्या दिवशीच पाहा. वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. स्पीकरवर बोलू नका, आवाज घुमतो. वायरचा हेडफोन उत्तम. #४३# डायल केलं की कॉल वेटिंग बंद होतं. काही सिमवर हा कोड चालत नाही, तिथे कॉल सेटिंग्जमधून करा. पण मग १०:५५ ला मामांचा फोन आला तर कंपनीला एंगेज लागेल, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दुसरं सिम बंद. ट्रूकॉलरचं ऑटो-ब्लॉकही काढा, ०२० चा (पुण्याचा) अनोळखी नंबर तिथेच अडकू शकतो.

कागद जरूर ठेवा, पण त्यावर वाक्यं नकोत, नुसते शब्द. वाचून दाखवलं की आवाज सपाट होतो आणि पलीकडे लगेच कळतं. पानं सुटी पसरून ठेवा, उलटताना खरखर ऐकू जाते.

ताळेबंद_७: विषयाची तयारी त्याहून महत्त्वाची. तारखा तोंडपाठ हव्यात: दर महिन्याला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरणा ७, मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) ११, २बी (व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारं खरेदीचं पत्रक) १४, ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) २०. हमखास येणारा प्रश्न: खरेदीचं बिल २बी मध्ये दिसत नाही, काय कराल? या महिन्यात त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेणार नाही, व्हेंडरकडे पाठपुरावा करेन, दिसलं की घेईन, असं क्रमाने सांगा. एंट्री विचारली तर आधी डेबिट, मग क्रेडिट, शेवटी कारण. फोनवर समोरच्याला कागद दिसत नाही. क्रम चुकला की तुम्हालाच येत नाही असं वाटतं. उत्तर एक-दीड मिनिटात संपवा आणि थांबा. शांतता पसरली तर घाबरून बोलत राहू नका, ते लिहून घेत असतात.

खतावणी: धन्यवाद! आणि सीटीसी?

ताळेबंद_७: सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत गल्लत नको. ३,६०,००० म्हणजे महिना ३०,०००. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी ७२२ त्यातच मोजतात. मग तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात साधारण २५,४७८. आत्ताचा, अपेक्षित आणि नोटीस पिरियडचे दिवस, हे तीन आकडे कागदावर सगळ्यात वर लिहा.

तारयंत्र: मध्येच आवाज तुटला तर अंदाजाने उत्तर देऊ नका. "सर, २बी नंतरचं ऐकू आलं नाही" असं नेमकं सांगा. फोन कट झाला तर दोन मिनिटं थांबा, त्यांचा आला नाही तर तुम्ही लावा. दोन्हीकडून एकदमच लावला की दोघांनाही एंगेज लागतं.